बोंडू जोखायचा तो घशाने

जुना काजू काढून कलमं लावायचं बाबांनी ठरवलं, तेव्हा त्यांचा हिशेब बरोबरच होता. वेंगुर्ल्याकडची आमची जमीन कातळाच्या उतारावरची. आजोबांनी बिया टोचून वाढवलेली झाडं आता म्हातारी झालीत, काहींच्या बुंध्यात खोडकिडा शिरलाय, आणि बी बारीक. व्यापारी बारीक बीला हात आखडता घेतो. वेंगुर्ला-४ या सुधारित जातीची बी सरासरी ७.७ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची. आमच्या कित्येक झाडांची बी याच्या निम्मीही भरत नाही. सात बाय सात मीटरवर खड्डे मारायचे, कलमं लावायची, तिसऱ्या वर्षापासून थोडंथोडं हाती येतं. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मी मागितलं ते एवढंच, की झाडांना कुऱ्हाड लावण्याआधी एक हंगाम मला त्यांचे बोंडू, म्हणजे बी ज्याच्या टोकाला लटकते ते रसाळ फळ, चाखू द्या.

"बोंडूक कोण इचारता? बियेचे पैशे येतत," बाबा म्हणाले.

ते खरंच आहे. आमच्याकडे सकाळी झाडाखाली जायचं, पडलेले बोंडू उचलायचे, बी पिळून टोपलीत टाकायची आणि बोंडू तिथेच सोडायचा ही रीत. गुरं खातात, मुंग्या खातात, उरलेले कुजतात. बोंडूचं वजन बीच्या पाच-सात पट असतं, म्हणजे झाड जे पिकवतं त्यातला मोठा वाटा आपण जमिनीवर टाकून येतो. पलीकडे गोव्यात त्याच बोंडूची दारू होते, उर्राक आणि फेणी, आणि फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्याकडे अलीकडे बायकांचे बचत गट सरबत करतात. वाडीतल्या गटाने आमचे बोंडू नेले होते आणि त्यांची एक तक्रार कायम होती: एखाद्या दिवशीचं सरबत उत्तम उतरतं आणि एखाद्या दिवशीचं घसा धरतं. सगळ्या झाडांचे बोंडू एकाच पातेल्यात पडत होते, मग दुसरं काय होणार? कुठलं झाड घसा धरतं हे कुणाला तरी शोधायलाच हवं होतं.

बोंडूबद्दल आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, म्हणजे पुढचं सोपं जातं. काजूचं खरं फळ म्हणजे बी. बोंडू हा तिचा फुगलेला देठ. झाडावर आधी बी वाढते, पूर्ण आकाराला येते, आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत देठ भराभर फुगतो, रंग धरतो, रसाने भरतो. म्हणून बोंडूत फळाचा गर नसतो, देठाचे धागे असतात. देठापासून बीपर्यंत उभे धागे जातात, आणि त्यांच्यामधे स्पंजासारखा रसाळ भाग. बोंडूचा चोथा तोंडात राहतो तो या धाग्यांचा. तुरटपणा येतो टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, लाळेचा निसरडेपणा जातो, आणि जीभ-टाळू खरखरीत होतात. कच्च्या बोंडूत ते जास्त, सालीत जास्त. पण बोंडूची खरी अडचण तुरटपणा नाही. तुरट तर आवळाही लागतो, आणि आपण तो आवडीने खातो. अडचण आहे घशातली खवखव, आणि ती लगेच लागत नाही.

हे मला काकीकडून कळलं. काकीचं सगळं आयुष्य या झाडांखाली गेलंय. पहिल्या सकाळी गडग्याकडच्या, म्हणजे दगडी कुंपणाकडच्या, झाडाचा एक पिवळाधमक बोंडू मी खाल्ला, रस हनुवटीवरून ओघळला, आणि मी म्हटलं हे झाड तर ठेवायलाच हवं.

काकी म्हणाली, "जिभेक गोड लागता, ता सगळ्यांचाच लागता. थांब मगे. घशाक काय लागता ता बघ."

मी थांबले. काकी शांतपणे बिया पिळत होती. थोड्या वेळाने घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी ओरबाडल्यासारखं वाटू लागलं, खोकला यावा आणि येऊ नये असं. पाणी प्याले तरी गेलं नाही. त्याच फांदीवरचा दुसरा बोंडू खाल्ला, तेच झालं. गडग्याकडचं झाड रूपाला आणि गोडीला पहिलं, आणि घशाला सगळ्यात वाईट. तिथून पुढे मी एक नियम केला: गिळल्यानंतर घड्याळात पाच मिनिटं झाल्याशिवाय घशाच्या रकान्यात काही लिहायचं नाही.

बोंडू कसा काढावा यावरही काकीचं मत ठाम आहे. "पडलेलो बोंडू गुरांक, झाडावरचो माणसांक." पडलेला बोंडू आपटलेला असतो, एका बाजूने आंबायला लागलेला असतो, आणि उन्हात तासाभरात त्याचा वास बदलतो. बी करडी झाली आणि बोंडू जरा फिरवताच हातात आला, तर तो खायला तयार. ओढावा लागला तर अजून वेळ आहे. मी सकाळी, ऊन चढायच्या आत, प्रत्येक झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंचे बोंडू काढत असे, कारण पूर्वेच्या आणि सावलीतल्या फांदीवरचे बोंडू सारखे नसतात. बी काढताना मात्र सांभाळावं लागतं. टरफलातलं तेल ओठाला लागलं तर कातडी सोलवटते, आणि तो हात बोंडूला लागला तर चव घेण्याचं काम तिथेच संपलं. म्हणून बी पिळायचं काम एकीने आणि चिरायचं काम दुसरीने, अशी वाटणी केली. चिरण्याआधी बोंडू ओल्या फडक्याने पुसून बी बसली होती ती जागा कापून टाकायची.

फ्रिजात मी बोंडू ठेवले नाहीत. थंडाव्यात गोडी कमी लागते आणि वास तर जवळजवळ बंदच होतो. ओल्या पंचात गुंडाळून, माठाच्या शेजारी, सावलीत. एवढंच.

चिरण्याची दिशा हा मला या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी पडलेला शोध वाटतो. बोंडू उभा चिरून खाल्ला, तर दाताखाली धागे लांबच्या लांब येतात आणि चघळून चघळून शेवटी चोथा थुंकावा लागतो. त्याच झाडाचा बोंडू आडव्या पातळ चकत्या करून खाल्ला, तर धागे तुटलेले असतात आणि चकती जवळजवळ सगळी गिळता येते. म्हणजे पोत हा झाडाचा आहे की सुरीचा हे आधी वेगळं करायला हवं. मी सगळ्यांच्या आडव्या चकत्या केल्या, शक्य तितक्या एकाच जाडीच्या, साल ठेवून. ठरवलेल्या वेळा चावायचं, मग चोथा काढून ताटलीत बाजूला ठेवायचा आणि हाताने दाबून पाहायचा. काही झाडांचा चोथा नरम, ओला, बोटांत विरघळल्यासारखा. व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकडच्या, झाडाचा चोथा मात्र भिजवलेल्या सुतळीचा गुंडाच. रस गोड, घसा अजिबात न धरणारा, पण खायला नको वाटेल असा धागा. अशा झाडाचा रस काढावा, ते खाण्यासाठी नाही.

रंगाचं सांगायचं तर, आमच्याकडे सगळे म्हणतात पिवळा गोड आणि लाल तुरट. मीही हेच ऐकत वाढले. त्यामुळे रंग दिसत असताना मी लाल बोंडूला न्याय देणार नाही याची मला खात्री होती. यावर उपाय व्यावसायिक चाचण्यांत जो करतात तोच केला. तिथे नमुन्यांना एक-दोन-तीन असे आकडे देत नाहीत, कारण माणसाच्या मनात एक नंबर म्हणजे चांगला असं आधीच असतं. तीन अंकी, क्रम नसलेले आकडे देतात. माझा चुलतभाऊ ताटलीखाली ४१७, ८५२, २९६ अशा चिठ्ठ्या लावायचा, कुठली ताटली कुठल्या झाडाची हे वहीत लिहून वही स्वतःकडे ठेवायचा. मी, काकी आणि गटातल्या दोघीजणी डोळे मिटून चकती घ्यायचो. चव घेताना एकमेकींशी बोलायचं नाही. हे सगळ्यात कठीण होतं, कारण काकीला "हां, ह्यो कोन्यातलो" असं म्हटल्याशिवाय राहवत नसे, आणि बरेचदा ते बरोबर असे.

या आंधळ्या चाखण्यात लाल-पिवळ्याचा समज टिकला नाही. सगळ्यात कमी घसा धरणाऱ्या झाडांत एक लाल बोंडूचं निघालं, आणि सगळ्यात जास्त धरणारं गडग्याकडचं पिवळं. आमच्या उतारावर तरी रंगावरून काही सांगता येत नाही.

एका बैठकीत चार झाडांच्या वर जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तुरटपणा साठत जातो. पहिल्या चकतीनंतर लाळेचा जो थर गेला तो परत येण्याआधी दुसरी चकती घेतली, तर दुसरं झाड विनाकारण तुरट ठरतं. नुसत्या पाण्याने चूळ भरून काही होत नाही. आम्ही मधे कोमट पेज घेत होतो, मीठ न घातलेली. पेजेने तोंड लवकर मऊ होतं. आणि क्रम रोज बदलायचा, म्हणजे शेवटी येण्याची शिक्षा एकाच झाडाला मिळत नाही. सकाळचा चहा आणि मशेरी चाखण्याआधी तासभर बंद. काकीने हे माझ्यासाठी पाळलं, याची मला जाणीव आहे.

वहीत आम्ही सहा रकाने केले होते: वास, गोडी, आंबटपणा, तोंडातला तुरटपणा, घसा, चोथा. प्रत्येकाला नऊपैकी गुण. नऊ पायऱ्यांची ही मोजपट्टी १९४०-५० च्या दशकांत अमेरिकन सैन्याच्या अन्नासाठी तयार झाली आणि आज जगभर चव जोखायला वापरतात. तिच्यात मूळ प्रश्न एकच असतो, किती आवडलं. तो आम्ही शेवटी वेगळा विचारला. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवण्याचा फायदा झाला. एका झाडाच्या बोंडूत आंबटपणा भरपूर होता, तुरटपणाही होता, तरी "किती आवडलं" मध्ये तो वरच्या तिघांत आला, कारण त्याला वास होता. काजूच्या बोंडूचा तो पिकल्या फळाचा, किंचित आंबूस, नाकात शिरणारा वास. काजू आणि आंबा एकाच कुळातले. त्या झाडाचा बोंडू चिरताना मला ते पहिल्यांदा नाकाने पटलं.

गोडीसाठी गटाकडे रसातली साखर मोजायचं छोटं यंत्र होतं, ब्रिक्स दाखवणारं. थेंब टाकायचा, डोळ्याला लावायचं. बहुतेक बोंडू १० ते १४ च्या मधे. यंत्राचा आकडा आणि आमच्या जिभेचा गुण जुळतोच असं नाही. आंबट आणि तुरट दोन्ही गोडीला झाकतात. म्हणून १३ ब्रिक्सचा तुरट बोंडू ११ च्या नितळ बोंडूपेक्षा कमी गोड लागतो. फक्त यंत्रावर झाडं निवडली असती, तर गडग्याकडचंच झाड पहिलं आलं असतं.

मग रसाची पाळी. खाण्याचा बोंडू आणि सरबताचा बोंडू यांचे निकष वेगळे आहेत. रसाला चोथ्याशी देणंघेणं नाही, आणि तुरटपणा काही प्रमाणात काढता येतो. रीत अशी: एक किलो रसाला ५ ग्रॅम साबुदाणा, दळून थोड्या पाण्यात शिजवून, गार करून रसात ढवळायचा आणि रात्रभर स्थिर ठेवायचा. स्टार्च टॅनिनला धरून खाली बसतो. सकाळी वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. पातेल्याच्या तळाशी गढूळ, पांढरट साका राहतो आणि वरचा रस पारदर्शक, फिकट सोनेरी दिसतो. मी तो साकाही बोटाने चाखला. एवढा तुरट की जांभळाची बी चघळावी तसं तोंड आखडलं. सगळा त्रास तळाशी बसला होता.

आम्ही चांगल्या झाडांचा आणि वाईट झाडांचा रस वेगवेगळा काढून दोन्ही असे निवळले. चांगला रस निवळल्यावर फार सुंदर झाला. गडग्याकडचा निवळल्यावर तोंडाला ठीक लागला, पण घशाची खवखव कमी झाली, गेली नाही. बायकांच्या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळालं. त्या नीट निवळतच होत्या. त्यांच्या पातेल्यात गडग्याकडचं झाड येत होतं. या वर्षापासून त्या झाडाचे बोंडू गटाला द्यायचे नाहीत असं ठरलं, आणि त्यांच्या बाटल्या मी स्वतः चाखल्या. घसा मोकळा.

हे काम का महत्त्वाचं वाटतं ते सांगते. काजू बी टोचून लावला की प्रत्येक झाड वेगळं होतं. परागीभवन मिसळीचं, त्यामुळे एका झाडाच्या दहा बिया म्हणजे दहा वेगळी झाडं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलेला हा काजू आमच्या डोंगरउतारांवर असाच बियांनी पसरला, आणि म्हणून एकेका वाडीत इतके प्रकार आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने आपल्या जाती यातूनच निवडल्या. वेंगुर्ला-१ ही आणसूरच्या झाडाची निवड. वेंगुर्ला-४ हा १९८१ मध्ये प्रसारित झालेला संकर, त्याचं एक पालक वेतोऱ्याचं झाड. आणसूर आणि वेतोरे ही आमच्याच तालुक्यातली गावं. कुणाच्या तरी परड्यातलं झाड कुणीतरी नीट बघितलं, मोजलं, आणि आज त्याची कलमं कोकणभर आहेत. बी हाच काजूचा पैसा, म्हणून मोजताना बी पुढे असणं स्वाभाविक आहे. पण बोंडूच्या बाजूने तसंच नीट बघितलेली झाडं फार थोडी असतील, आणि जुना काजू ज्या वेगाने निघतोय, तितक्या वेगाने ती कुणी न चाखताच जळणात जातायत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. वजनाच्या मानाने बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असतं, आणि आम्ही मुलांना बाजारातली फळं विकत आणून देतो.

शेजाऱ्यांच्या बागेतली वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही आम्ही त्याच चिठ्ठ्या लावून चाखली. त्यांच्या मातीतलं वेंगुर्ला-७ मला आवडलं: पिवळा, रसाळ, घसा बेताचा. वेंगुर्ला-४ चा लाल बोंडू चोथ्याला बरा, पण वासाला आमच्या विहिरीकडच्या झाडापुढे कमी. विहिरीकडच्या झाडाचं आता सांगायलाच हवं. सगळ्यांच्या वहीत ते वर होतं. नरम चोथा, भरपूर रस, मोकळा घसा, आणि पाच मिनिटांनीही तोंडात वास राहतो. बोंडू लहान, लालसर. बी मात्र इतकी बारीक, की बाबांच्या यादीत काढायच्या झाडांत ते पहिलं होतं. मोहोरावर ढेकण्या, रस शोषणारा किडा, तोही दरवर्षी येतो.

मी बाबांसमोर वही ठेवली. त्यांनी वाचली नाही. ताटल्या ठेवल्या, तेव्हा मात्र त्यांनी चकत्या खाल्ल्या, चिठ्ठी न बघता, आणि पाच मिनिटं थांबलेही. विहिरीकडच्याची ताटली त्यांनी पुन्हा पुढे ओढली. म्हणाले, "झाड जुना झाला, दोन-चार वर्सा काढीत. पण काडये घेवन ठेव."

मे महिन्यात, कलम बांधायच्या आठवडाभर आधी, विहिरीकडच्या झाडाच्या निवडलेल्या फांद्यांची पानं खुडून ठेवली, म्हणजे डोळे फुगून काडी तयार होते. दोन महिन्यांच्या रोपांवर पेन्सिलीएवढ्या काड्यांचं मृदुकाष्ठ कलम बांधलं, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट. सगळी जगली नाहीत, पुरेशी जगली. व्हाळाकडच्याचीही थोडी बांधली, फक्त रसासाठी. गडग्याकडचं झाड निघालं, आणि त्याच्या जागी वेंगुर्ला-७ लागलं. बाकीच्या उतारावर बाबांच्या हिशेबाप्रमाणे कलमं आहेत, कडेला दोन ओळी माझ्या.

या ओळींना बोंडू धरले, की जुन्या झाडाचे आणि कलमाचे एकाच सकाळी चिठ्ठ्या लावून चाखायचे आहेत. विहिरीजवळ ओल असते, वरचा कातळ कोरडा, आणि पाण्याने रस पातळ होतो की तिथल्या उन्हाने तुरटपणा वाढतो, हे तेव्हाच कळेल. काकीने आधीच बजावलंय की त्या दिवशी मशेरी सकाळी नको, दुपारी.